शंभरपैकी एक्केचाळीस

आदिलाबादला बसमधून उतरताना माझा पाय मुरगळला आणि घोट्याची दोन्ही हाडं मोडली. ऑपरेशन करून प्लेट बसवली. मी तामसीकडच्या एका गावात मराठी शाळेवर शिकवते. घरी मी आणि माय, दोघीच. मायची डावी बाजू लकव्यानं गेलेली. तिला आंघोळ घालायची ती मीच, न्हाणीत तिच्यासमोर उकिडवी बसून.

प्लास्टर निघाल्यावर दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं तेलुगूतला एक फॉर्म पुढे केला. जिना चढताना किती त्रास होतो? पळता येतं? सूज येते? प्रत्येक उत्तराला गुण, त्रास कमी तितके जास्त, शेवटी शंभरपैकी बेरीज.

"मॅडम, जैसा लगता है वैसाच लिखो," ती म्हणाली.

जन्मभर पोरांना गुण दिले, स्वतःला द्यायची ही पहिलीच वेळ. पस्तीस आले.

सहा महिन्यांनी पुन्हा तोच फॉर्म. त्या मुलीनं माझ्यावर फार मेहनत घेतली होती. खरं लिहिलं तर तिचा चेहरा पडेल असं वाटलं. शिवाय, बरं आहे असं लिहिलं की बरं होईल, अशीही एक खुळी आशा होती. मी सगळीकडे 'थोडासा त्रास' यावर खूण केली. गुण ऐंशीच्या वर गेले. तिनं आनंदानं कागद डॉक्टरांना दाखवला. आता यायची गरज नाही, असं ते म्हणाले. व्यायाम तिथंच थांबले.

पुढच्याच महिन्यात मायच्या पाठीला साबण लावताना माझा घोटा अडकला. मी तिला धरायला गेले आणि तिला घेऊनच पडले. तिचा खांदा दगडावर आपटला.

"मले राहू दे, तू ऊठ पह्यले," ती म्हणाली.

मला उठता येईना. शेजारीण येईपर्यंत आम्ही दोघी ओल्या फरशीवर तशाच पडून होतो. तिची उघडी पाठ थंड पडत गेली आणि मला तिच्यावर लुगडंसुद्धा ओढता आलं नाही.

चार दिवसांनी भाऊ नांदेडहून गाडी घेऊन आला. गाडीत बसवताना माय त्याला विचारत होती, "काऊन नेऊन राह्यला रे मले?" त्यानं तिचे पाय उचलून आत ठेवले आणि दार लावून घेतलं.

वर्ष झाल्यावर दवाखान्यातून फोन आला, शेवटच्या तपासणीला या म्हणून. पुन्हा तोच फॉर्म. या वेळी मी खरं लिहिलं. एक्केचाळीस. ती मुलगी मागचा आणि हा, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघत राहिली.

"उल्टा कैसा हुआ मॅडम?"

मी सगळं सांगितलं. उकिडवं बसण्याचा प्रश्न या फॉर्मात कुठंच नाही, हेही सांगितलं. तिनं तो कागदाच्या तळाशी हातानं लिहिला आणि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाऊल वर-खाली करून पाहिलं. सांधा आखडला आहे, तेव्हाच व्यायाम चालू ठेवायला हवे होते, आता एवढाच वाकेल, असं म्हणाले. त्या मुलीनं मान खाली घातली. चूक तिची नव्हती.

रविवारी भाऊ मायच्या कानाला फोन लावून देतो. तिची जीभ आता जड झाली आहे.

"पाय बरा झाला का वं? कवा येशीन न्याले?"

"होऊन राह्यला, माय," मी म्हणते.