बिनपंख्याचं आरमार

सर्व सुजाण वाचकांनी कृपया बसून घ्यावं, कारण मी एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करणार आहे. ऐंशीच्या दशकात या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर एकाच वेळी दोन आरमारं होती. एक सरकारचं, आणि दुसरं मद्रासमध्ये, मैलापुरातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या माडीवर, अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर उभं असलेलं. या दुसऱ्या आरमारात सरसेनापती, सुतार, रंगारी, वायरमन आणि खलाशी असे सगळे मिळून एकूण एक माणूस होता. त्यांना आम्ही माडीवरचे राव म्हणत असू.

राव तंजावरकडचे मराठी. जन्मभर बंदराच्या ड्रॉइंग ऑफिसात जहाजांचे नकाशे काढून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगा अमेरिकेत. तो दर पत्रात 'एकटे बसून राहू नका' असं लिहायचा, आणि एकदा त्यानं पत्राऐवजी लांब एरियलचा रेडिओ कंट्रोलचा संचच पाठवला. रावांनी तो सल्ला शब्दशः पाळला. एकटे बसून राहायचे ते एकटे उभे राहून युद्धनौका बांधू लागले. हातभर लांबीची विनाशिका, तिच्यावर आगकाडीएवढ्या तोफा, आणि डेकवर शाबुदाण्याएवढ्या डोक्याचे नाविक. बोलणं असं, की बखरीचं एखादं पान वेष्टी नेसून जिना उतरतंय असं वाटावं. मी बँकेच्या बदलीवर पुण्याहून गेलेला; माझ्या मराठीला ते 'तुमची नवी भाषा' म्हणत.

त्यांचं पहिलं जहाज मागे पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचं होतं. देवळाच्या तळ्यात सोडलं, तेव्हा कुणीतरी टाकलेल्या हाराचा दोरा पंख्याला गुंडाळला गेला आणि जहाज भर तळ्यात अडकलं ते तीन दिवस. राव तीन दिवस पायरीवर बसून होते. चौथ्या दिवशी वाऱ्यानं ते काठाला आलं आणि रावांनी उठून प्रतिज्ञा केली: यापुढे पंखा नाही. यापुढे जेट! म्हणजे जहाजाच्या पोटातून पाणी आत ओढायचं आणि मागच्या नळीतून जोरात बाहेर फेकायचं. बाहेर फिरणारं काहीच नाही, तेव्हा अडकायचंही काही नाही. वळायचं तर ती नळीच वळवायची. "मात्र मोटर थांबली कीं वळतां येत नाहीं हो," ते गंभीरपणे सांगत. "आमच्याचसारखें."

जेटनं रावांचं घर गिळलं. मद्रासेत तेव्हा पाण्याचे हाल. लॉरी आली की गल्लीतल्या बाया कुडं, म्हणजे रंगीत प्लॅस्टिकच्या घागरी, घेऊन धावत. राव बादलीऐवजी जहाज घेऊन धावत. आमच्या आवारातली टाकी भरताच "एकच फेरी अम्मा, एकच!" म्हणून ते विनाशिका टाकीत सोडत, आणि एकदा जेटच्या फवाऱ्यानं घरमालकीणबाईंना आपादमस्तक स्नान घडलं. पाणी ओढणाऱ्या तोंडाला जाळी हवी होती, ती त्यांनी घरातल्या पितळी काप्पी-फिल्टरचं बूड कापून केली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला आमच्या दारात: "फिल्टर युद्धावर गेलाय. काप्पी आहे कां?" मी एकदा नवा फिल्टर आणून दिला. त्यांनी मनापासून आभार मानले, तो कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा दारात हजर.

पण खरं दुःख रविवारचं होतं. शहराबाहेरच्या एका तळ्यावर अशाच सात-आठ नौदलांचे सेनापती दर रविवारी जमत. पुंगाच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या, झाडाखाली गप्पा, थर्मास, एकमेकांच्या जहाजांची टिंगल. रावांची आठवड्यातली तेवढीच माणसं. जेटचं जहाज पाहताच तिथले सेक्रेटरी, एक निवृत्त इंजिनिअर, मान हलवत म्हणाले, "इदु सरी इल्लै, हे बरोबर नाही, राव सार. खऱ्या विनाशिकेला पंखे असतात. तुमच्या मॉडेलला नाहीत. मग ते मॉडेल कसलं?" निकाल लागला. रावांना हाकललं नाही, फक्त समोरचा काठ दिला. तिथे सावली नव्हती, म्हशी होत्या.

"राव, दोन खोटे पंखे चिकटवा आणि परत या सावलीत!" मी सुचवलं.

"शोभेचे पंखे?" ते असे दचकले, जणू मी खोटी सही करायला सांगितली होती. "जन्मभर नकाशे काढले. एक रेघ खोटी काढली नाहीं, पुणेकर." आणि दोन वर्षं ते म्हशींसमोर कवायत करत राहिले. तिथून सावलीतल्या काठावरचं हसू मात्र स्पष्ट ऐकू यायचं.

मग पिळ्ळैयार चतुर्थीनंतरचा तो रविवार. "एकटे जातात, जा जरा बरोबर," म्हणून बायकोनं मला पिटाळलं होतं. आदल्या दिवशी आसपासच्या घरांनी मातीचे गणपती त्याच तळ्यात सोडले होते, गळ्यातल्या रुईच्या माळांसकट, आणि तिकडे माळा ओवतात त्या केळीच्या चिवट सोपटाच्या दोऱ्यात. सेनापतींच्या हे ध्यानातच नव्हतं. दहा मिनिटांत त्या दिवशी पाण्यात सोडलेली त्यांची पाचही जहाजं पंखे आवळून पाण्याच्या मधोमध ठप्प! तळाला गाळ, पोहायला कोणी तयार नाही. आणि त्या सगळ्यांमधून रावांची विनाशिका संथपणे जात होती. माळ जाळीला चिकटली की राव वेग कमी करत, ती आपोआप सुटे.

पाच मिनिटांत सगळी सावली उठून आमच्या काठावर आली. राव विनाशिकेच्या नाकानं ढोसत एकेक जहाज किनाऱ्याला आणू लागले. दर जहाजाला टाळ्या! सेक्रेटरींनी आपली छत्री रावांच्या डोक्यावर धरली. कुणी थर्मासमधली काप्पी त्यांच्या तोंडाशी नेली, कारण हात गुंतलेले. राव जेटवर व्याख्यान देत होते आणि माणसं चक्क ऐकत होती. इतकं मोठ्यानं हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. म्हशीसुद्धा आदरानं बाजूला सरकल्या होत्या.

पाचवं जहाज सेक्रेटरींचं. ते हातात घेऊन त्यांनी रावांची पाठ थोपटली. "ब्रिलियंट, राव सार! पण रूल म्हणजे रूल. तुमचा काठ हाच. काय करणार?" छत्री मिटली. थर्मासची झाकणं लागली. एकेक स्कूटर सुरू झाली आणि धूळ खाली बसेपर्यंत तळ्यावर आम्ही दोघंच उरलो.

"राव, आज जिंकलात तुम्ही!" मी म्हणालो.

एरियल तसंच उभं, आणि राव मोकळ्या पाण्याकडे बघत राहिले. मग एकदम, कुणाला उद्देशून नाही, मोठ्यानं बोलून गेले:

"छे! एक जहाज तरी तिथेंच राहूं द्यायास पाहिजे होतें!"