टाकीच्या वळणावरचा हॉर्न

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कधी नव्हताही. धनजला माझ्या बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि त्या दुकानातच मी लहानाची मोठी झाले. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची... घरात कुणी "लाइट आपोआप लागला" म्हणालं की बाबा म्हणायचे, लूज कनेक्शन असंल, बघा. तेच माझ्या डोक्यात बसलं. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी नेहमी वाचते, अंगावर काटाही येतो, पण वाचून झालं की मनात पहिला प्रश्न हाच – अर्थिंग तपासलं होतं का?

म्हणूनच हे लिहायला मला इतका वेळ लागला. कारण या प्रकरणातलं वायरिंग माझं स्वतःचं आहे. लूज कनेक्शन म्हणावं तर माझंच काम कच्चं ठरतं, आणि ते काही मी मान्य करणार नाही.

माझं सासर केनवड, तालुका रिसोड. मेन रोडवरून गावात वळलं की पाण्याची टाकी लागते. टाकीला वळसा घातला की आमची गल्ली, आणि गल्लीच्या शेवटी आमचं घर. टाकीपासून घर दिसत नाही, पण तिथे वाजलेला हॉर्न आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येतो. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे चारचाकी नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, यांची एक जुनी जीप होती. केनवड ते रिसोड त्यांनी वर्षानुवर्षं सवाऱ्या वाहिल्या. स्टिअरिंगला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, पोटच्या पोरालाही नाही. एकदा त्यांच्या हॉर्नची कॉइल गेली. मी म्हटलं, "द्या मामाजी, मी गुंडाळून देते." ते हसले आणि म्हणाले, "पोरी, हे काय शिलाई मशीन हाय?" आणि रिसोडला जाऊन करून आणला. मला राग आला होता. खरं सांगायचं तर फार राग आला होता.

त्या हॉर्नचा आवाज बसका होता, सर्दी झालेल्या माणसासारखा. रोज दिवेलागणीला मामाजी टाकीच्या वळणावर तो वाजवायचे – दोन बारके, एक लांब. तो ऐकला की सासूबाई गॅसवर चहा मांडायच्या. मामाजी जीप लावून, हातपाय धुऊन खाटेवर बसेपर्यंत चहा हातात. कधी एक शब्द बोलणं नाही, पण यात खाडा नाही.

मामाजी गेले आणि सासूबाईंनी चहा सोडला. आमच्याकडे बाया माणसामागे काही ना काही सोडतात. यांनी चहा सोडला. दिवेलागण झाली की भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. बोलणं जवळजवळ बंद. जीप अंगणात ताडपत्रीखाली गंजत होती, आणि आमचे हे, गजानन, म्हणायचे, भंगारात देऊन टाकू.

मी म्हटलं, भंगारात द्यायच्या आधी मला द्या.

"काहून डोकं खपवून राह्यली?" हे म्हणाले. "तुले शिवणकाम कमी हाय का?"

शिवणकाम आहेच माझं. गावातले ब्लाउज, शाळेचे गणवेश, सगळं मीच शिवते. पण त्या जीपला हात लावला आणि मला वेडच लागलं. गंज पॉलिश पेपरने घासून काढला, पत्र्यावरच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पुन्हा घासली. बोटांचे ठसे गेले असतील इतकी घासली! रंगाला धूळ चिकटू नये म्हणून जीपभोवती जुन्या साड्यांचा मांडव केला. साड्या मागितल्या तेव्हा सासूबाईंनी न बोलता त्यांच्या पेटीतल्या काढून दिल्या. कॉम्प्रेसर माझ्या भावाने धनजहून पाठवला आणि मोरपंखी रंग मी माझ्या हाताने मारला. एक ओघळ नाही! कुणीही येऊन बघावं.

सीट कव्हर तर माझ्या हातचा मळ. जाड रेक्झिन, डबल शिलाई, कडेने पांढरी पायपिंग. छताला आतून रजईसारखं टाचलेलं कापड लावलं. आणि म्युझिक सिस्टीम... इथे मला थोडं थांबून मिरवू द्या. मागच्या सीटखाली प्लायवुडचा बॉक्स बनवून त्यात वूफर बसवला. दारांच्या आत फोम भरला म्हणून पत्रा खडखडत नाही. आवाज असा की काच हलत नाही, छाती हलते. जुनं वायरिंग मुळापासून उपटून टाकलं आणि नवीन ओढलं – लाल प्लस, काळी अर्थ, प्रत्येक जोडावर स्लीव्ह, प्रत्येक लाइनला स्वतंत्र फ्यूज. तो जुना बसका हॉर्न पुन्हा जळालेला होता, तो भंगारवाल्याला दिला आणि त्या जागी नवा, खणखणीत आवाजाचा बसवला.

जीप अशी झाली की गावातली माणसं उभी राहून बघू लागली. आणि माझंच काम माझ्या अंगावर आलं. एवढी चकचकीत गाडी बघून ह्यांना गिऱ्हाईक मिळालं.

"अनसिंगचे हायेत," हे खुशीत म्हणाले. "गाडी इकत घेऊन लग्नाच्या वरातीले भाड्यानं देतो म्हन्ते. आता चांगले पैसे येतीन, तुषार संच घेऊन टाकू शेतात."

यांचंही चुकत नव्हतं. शेताला तुषार हवाच होता. पण मी मशीनवर बसले की समोर ती जीप दिसायची आणि माझी शिलाई वाकडी जायची.

त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा एकटी जीप घेऊन रिसोडला गेले, गणवेशाचं कापड आणायला. परत येताना दिवेलागण झाली. जीप अंगणात लावली, घरात पाऊल टाकलं, तर गॅसवर चहा उकळत होता. सासूबाई समोर उभ्या, हातात गाळणी.

"चहा कसा काय मांडला, आत्याबाई?"

"हॉर्न आयकला नं तुहा. टाकीपाशी वाजवला तू. दोन बारके, एक लांब."

"म्या नाई वाजवला."

"मंग कोनं वाजवला? घे, थंडा होते."

आणि स्वतःच्या बशीत ओतून त्या चहा प्यायल्या. मला इतकं बरं वाटलं की हॉर्नचा विचार मी सोडून दिला. कान वाजले असतील, आठवण आली असेल, येते माणसाला.

दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. आणि त्यानंतर शेजारची कांता दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता कुंपणावरून म्हणाली, "येवढी रंगवली गाडी, अन् हॉर्न काहून तोच बसका ठेवला वो? बदलून टाक नं."

हे मात्र लागलं. माझा नवा हॉर्न बसका? मी तिच्यासमोर जीपमध्ये चढून वाजवून दाखवला. झाडावरचे पक्षी उडाले.

कांता म्हणाली, "हा नाई. टाकीपाशी वाजवतं तो."

आता वायरिंग जाणणाऱ्यांना सांगते. स्टिअरिंगच्या दांड्याशी वायर घासली तर वळणावर हॉर्न आपोआप वाजू शकतो. होतं असं. पण मग तो गाडीत बसलेल्याला आधी ऐकू यायला हवा ना? मला एकदाही ऐकू आला नाही. तरी मी स्टिअरिंग उघडलं, वायर बोटाबोटाने तपासली. काही नाही. मग हॉर्नचा फ्यूज काढून रिसोडला जाऊन आले. बटण दाबून पाहिलं, हॉर्न मुका. घरी आले तर चहा तयार.

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं. हे हसले, "गाडी इकू नये म्हनून नाटक करून राह्यली का तू?"

मला रडूच आलं. मी नाटक करते, हे ऐकण्यापेक्षा माझं वायरिंग वाईट आहे हे परवडलं असतं.

अनसिंगचं गिऱ्हाईक सौदा करायला येणार होतं, त्या दिवशी मला कापड बदलायला रिसोडला जावंच लागलं. काम आटोपलं, जीपमध्ये बसले, आणि मनात काय आलं कुणास ठाऊक... बॉनेट उघडलं, पाना घेतला आणि हॉर्नच काढला. वायरींच्या टोकांना टेप लावला. हॉर्न टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवला. (असं कुणी करू नका. वाटेत बकऱ्यांचा कळप आडवा आला तेव्हा खिडकीतून डोकं काढून मलाच ओरडावं लागलं.)

टाकीच्या वळणावर मी म्युझिक बंद केलं, काच खाली केली, वेग कमी केला. टाकीतून थेंब थेंब पाणी गळत होतं, तेवढा आवाज. बस्स. दुसरं काहीही नाही.

अंगणात शिरले तर हे आणि ते अनसिंगचे गृहस्थ खुर्च्यांवर बसलेले, आणि दोघांच्या हातात चहाचे कप. सासूबाई दारात. गृहस्थ उठून जीपला गोल फेरी मारून आले, पायपिंगवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काम झकास हाय बाई. पन हॉर्न आमच्या वक्ताचा ठेवला तुमी. बसका. दोन बारके, एक लांब... घरवालीले चहा मांड म्हनाचा हॉर्न हाय हा."

हे हसले. मी खाली उतरले, सीटवरचा टॉवेल उचलला आणि ह्यांच्यासमोर खाटेवर उलगडला.

ह्यांनी हॉर्नकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठले, बॉनेट उघडलं. आत रिकामी क्लिप आणि टेप लावलेल्या दोन वायरी. ह्यांनी टेप लावलेली टोकं बोटांनी चाचपून पाहिली. गृहस्थांनी कप हळूच खाली ठेवला.

"दुसरी कोनती गाडी असन," ते म्हणाले.

"ह्या गल्लीत दुसरी गाडी नाई," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

तेव्हा दारातून सासूबाई बोलल्या. मामाजी गेल्यापासून घरातल्या कुठल्याही गोष्टीत त्यांनी मत दिलं नव्हतं. "गजानन, गाडी इकाची नाई," त्या म्हणाल्या. "माह्या सुनंनं केली हाय ते. इतक्या लोकायच्या गाड्या पाह्यल्या म्या, अशी गाडी नाई पाह्यली. तुहे बाबा तिले टाकीपासून घरी सोडाले येते, अन् तू इकाच्या गोष्टी करून राह्यला?"

सौदा तिथेच संपला. तुषार संच अजून घ्यायचाच आहे, पण हे पुन्हा एकदाही जीप विकण्याबद्दल बोलले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, सासूबाईंना सवयीने भास होत असेल. कबूल. कांतालाही जुनी सवय. तेही कबूल. पण अनसिंगचा माणूस आमच्या घरी आयुष्यात पहिल्यांदा आला होता, त्याला मामाजींचा हॉर्न कुठून माहीत?

मग मी माझ्या परीने शेवटची तपासणी केली. हॉर्न परत बसवला, ह्यांना जीप घेऊन पाठवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात सासूबाईंजवळ उभी राहिले. कान देऊन. मला तो एकदा ऐकायचा होता. जीप आली, अंगणात लागली, इंजिन बंद झालं. हॉर्न वाजलाच नाही. गॅस तसाच बंद.

"याच्यासंगं नाई वाजत," सासूबाई म्हणाल्या. "तू आनशीन तवाच वाजते."

मग मी जीप घेऊन गेले आणि ह्यांना घरी मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावलं. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. चिमण्यांचा आवाज आहे. कांताच्या घरातला टीव्ही आहे. मग सासूबाई म्हणतात, "आली." लगेच लायटर वाजतो, भांड्यात पाणी पडतं. ह्यांचा आवाज येतो, "आयकलं म्या... आई, आयकलं म्या." हॉर्न त्यात नाही.

म्हणजे सगळ्या गल्लीने ऐकला, एका परक्या माणसाने ऐकला, ह्यांनी ऐकला. मी सोडून. जिने ती गाडी उभी केली, तिलाच तो ऐकू येत नाही, आणि येणारही नाही, कारण तो वाजतो तेव्हा मी जीपमध्ये असते. आधी याचं फार वाईट वाटायचं. मग एकदा सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "अवं, ते तुले सांगाले वाजवतच नाई. ते मले सांगते, का पोरगी येऊन राह्यली." मी चहा घेऊन बाहेर आले आणि जीपच्या पायरीवर बसून पोटभर रडले. मामाजींनी कॉइल दिली नाही, पण स्टिअरिंग दिलं. मला तर असंच वाटतं.

कारण काय, मला माहीत नाही. इथल्या कुणाला सुचलं तर जरूर सांगा. फक्त लूज कनेक्शन म्हणू नका. ते वायरिंग मी केलेलं आहे.

आता मी टाकीच्या वळणावर आले की म्युझिक बंद करते आणि हॉर्नच्या बटणावरून हात काढून घेते, चुकून माझा धक्का लागू नये म्हणून. वळते, गल्लीतून सावकाश येते, जीप लावते. चहा तयार असतो. सासूबाई तीन कप मांडतात. एक त्यांचा, एक माझा, आणि एक त्या जीपच्या बॉनेटवर नेऊन ठेवतात, माझ्या मोरपंखी रंगावर डाग पडू नये म्हणून खाली फडकं घालून.