पोत्याचा दवाखाना

आमच्या अभ्यासिकेत विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या साठतात, तसेच किस्सेही साठतात. दोन्हींवर हक्क सांगायला कुणी येत नाही. बाटल्या मी भंगारात देतो. किस्से भंगारवाला घेत नाही, म्हणून लिहितो.

बीडमधली ही अभ्यासिका मी सांभाळतो. माझी शाळा नववीतच सुटली. आता दिवसभर शिकणाऱ्यांना गप्प बसवतो. त्यातलेच एक विजय डॉक्टर, सिरसाळ्याचे. किर्गिझस्तानातून एमबीबीएस करून आलेले. पण बाहेरची डिग्री इथं तशीच चालत नाही. इथली परीक्षा पास व्हायची, मग इंटर्नशिप, मग नोंदणी. तोवर कुणाला तपासायचं नाही. सगळे त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ते दर वेळी मान खाली घालायचे.

*

इथल्या परीक्षेच्या कागदपत्रांसाठी डॉक्टर ऑफिसात गेले. तिथं सांगितलं, "तुम्ही तिथंच शिकलात, असं कॉलेजकडून लिहून आणा." डॉक्टरांनी तिकडं फोन लावला. बर्फामुळं कॉलेज बंद!

बाहेर चांगलं कडक ऊन. खिडकीतले साहेब म्हणाले, "बर्फ पडलाय, असं कॉलेजकडून लिहून आणा."

"कॉलेज बंद आहे, साहेब."

"मग उघडल्यावर आणा. घाई कशाची हाय?"

*

लिंबागणेशचे एक पाहुणे मुलगा बघायला थेट अभ्यासिकेतच आले. म्हणाले, "डॉक्टर, माझं बीपी बघा बरं जरा."

डॉक्टर लाजून म्हणाले, "मला अजून परवानगी नाही."

पाहुणे उठले, टोपी घातली. "मग आमची पोरगी बी परवानगी आल्यावरच बघा!"

*

उन्हाळ्यात लाइट गेली आणि स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी त्याला आडवं केलं, पाय वर धरले, मला वारा घालायला लावलं. मुलानं डोळे उघडले आणि म्हणाला, "कुणीतरी डॉक्टरला बोलवा ना!"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच फोन लावला.

*

रिझल्ट लागला की डॉक्टर मोबाइल बंद करायचे. मग त्यांचे वडील, तात्या, मला फोन करायचे. मला खोटं बोलता येत नाही आणि खरंही बोलवत नाही. मी म्हणायचो, "डॉक्टर चहाला गेलेत."

पुढच्या रिझल्टला पुन्हा तेच म्हणालो. तात्या म्हणाले, "विज्या मागच्या टायमाला बी चहालाच गेलता. लई चहा प्यायलाय!"

*

तात्यांनी पोरगा तिकडं शिकत असतानाच सिरसाळ्यात गाळा बांधून ठेवला होता. वर पाटीही रंगवली: डॉ. विजय, एमबीबीएस. मग कुणीतरी घाबरवलं, नोंदणीशिवाय पाटी दिसली तर केस होईल. तात्यांनी पाटीवर खताचं पोतं बांधलं आणि त्या दिवसापासून पोराला डॉक्टर म्हणणंही सोडलं. नुसतं विज्या.

उन्हापावसानं पोतं फाटलं की तात्या नवं बांधायचे. गावाला ती खूणच झाली. रिक्षावाले विचारायचे, "कुठं उतरायचं? पोत्याच्या दवाखान्यापाशी का?"

*

एका रिझल्टला डॉक्टर खरंच चहाला गेले होते. तात्यांचा फोन आला. मी म्हणालो, "डॉक्टर चहाला गेलेत." तात्या फोन ठेवायलाच निघाले.

"तात्या, पास होऊन गेलेत!"

*

इंटर्नशिप झाली, नोंदणी झाली. दवाखाना उघडला, त्या दिवशी मी सिरसाळ्याला गेलो होतो. तात्यांनी सुतळी कापली, पोतं खाली आलं. पाटी इतकी वर्षं झाकलेली, रंग अजून नवा.

दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग मेंढ्या राखणारी एक बाई खोकत खोकत दारापर्यंत आली. वर बघितलं आणि परत निघाली. डॉक्टर धावत बाहेर आले.

"मावशी, कावून चाललात?"

"दवाखाना हुडकायलेय. पोत्याचा."

"हाच हाय की."

"मग पोतं कुठाय?"

तात्या छाती काढून म्हणाले, "काढलं! सरकारनं मान्यता दिली."

"दिली आसंल. मला समद्यांनी पोत्याचाच सांगितलाय." आणि ती पुढं चालायला लागली.

तात्यांनी तिच्या पाठीकडं बघितलं, मग पाटीकडं. जमिनीवरचं पोतं उचललं, दोनदा झटकलं आणि खुर्चीवर चढले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "सुतळी द्या हो जरा."