सांताला सांगितलेला भाऊ

अहमदपूरच्या त्या गल्लीत दीपालीला कुणी वाईट म्हणणार नाही. कुणाचं लेकरू तापानं फणफणलं की रिक्षा बघायला तीच धावते, हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी तीच पोचते, आणि सासूला उलटून बोललेलं तर कुणी कधी ऐकलेलं नाही. अशा गुणी बाईच्या हातून जे झालं ते इथं सांगायचं आहे. झालं तेही एका सणात, आणि तो सण तिनंच हौसेनं घरात आणलेला होता.

सण नाताळाचा. थोरली गीतांजली इंग्रजी शाळेत जायला लागली आणि लाल कपड्यांतले फोटो ग्रुपवर टाका म्हणून शाळेतून निरोप आला, तेव्हापासून हे सुरू झालं. दीपालीनं बाजारातलं प्लास्टिकचं झाड आणलं नाही. जळणाला ठेवलेल्या तुराट्यांतल्या चांगल्या सरळ काढून तिनं वाळू भरलेल्या बादलीत रोवल्या, त्यांना हिरवा कागद गुंडाळला आणि वर घरचा कापूस पिंजून लावला, म्हणजे झालं बर्फ. तिचा नवरा उमाशंकर खताबियाण्याच्या दुकानात कामाला आहे. त्याला लाल झगा घातला, त्याच कापसाची दाढी चिकटवली आणि सांता केला. सासू रुक्मिणबाईंनी पहिल्या वर्षी हे कोणतं सोंग म्हणून नाक मुरडलं, पण केक दोनदा मागून खाल्ला. पुढच्या वर्षी तुराट्या त्यांनीच निवडून दिल्या.

रुक्मिणबाईंचा देवावर होता तितकाच विश्वास लहान लेकराच्या तोंडावर होता. घरात पोटुशी बाई असली की धाकट्या बोलत्या पोराला विचारायचं, काय येणार, भाऊ की बहीण? ते जे म्हणेल ते होतं. पण अट एकच, शिकवलेलं चालत नाही. हे सगळीकडेच गमतीनं विचारतात, पण रुक्मिणबाईंना गंमत म्हणून काही करायची सवय नव्हती.

धाकट्या उर्वीच्या वेळी त्यांनी गीतांजलीला विचारलं होतं. ती पोर टाळ्या वाजवत बहीण म्हणाली, आणि त्या संध्याकाळपासून दीपालीला मिळणारं दूध बंद झालं. डोहाळजेवण झालं नाही. भरल्या दिवसांत ती हौदातून पाण्याच्या घागरी काढत होती आणि सासू ओट्यावर बसून बघत होत्या. बाळंतपणाला ती माहेरी मुदखेडला गेली, उर्वी झाली, आणि न्यायला कुणी आलंच नाही. बापाच्या घरी भावजयीच्या नजरेखाली तिनं उन्हाळा, पावसाळा काढला आणि शेवटी आपण होऊन, दोन पोरी घेऊन, एसटीनं परत आली. उमाशंकरनं दार उघडलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, की आईचा राग आता जरा उतरलाय. गीतांजलीला मात्र आजी अजूनही जवळ घेत नव्हत्या. हिच्याच तोंडानं दुसरी आली, असं त्या तिच्यादेखत म्हणायच्या.

आता दीपालीला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, सहावा लागला होता, आणि प्रश्न उर्वीला विचारायचा होता. उर्वी साडेतीन वर्षांची. येताजाता विचारलं तर कधी मांजर म्हणायची, कधी बिस्कीट. रुक्मिणबाईंनी ठरवलं की असं नाही, पोर नाहूनमाखून खुशीत असेल तेव्हाच विचारायचं. नाताळाच्या संध्याकाळी सांतानंच विचारावं, चार बायकांसमोर. आणि बहीण म्हणाली तर दीपालीनं तिन्ही पोरी घेऊन मुदखेडलाच राहावं, हेही त्यांनी भाकरी थापता थापता सांगून टाकलं.

मुदखेडचं ते अंगण, भावजयीचं ते ताट आपटणं, दीपालीला सगळं आठवलं. दुसऱ्या दिवशी उर्वीला अंघोळ घालताना तिनं न्हाणीचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, सांतानं तुला विचारलं तर काय सांगशील. उर्वीला खेळायला बाळ हवं होतं, शेजारच्या चिमीसारखं, फ्रॉकवालं. ती बहीण म्हणाली. दीपालीनं तिच्या मांडीला चिमटा काढला.

साधा चिमटा नव्हे, कातडी पिळून. पोर कळवळली तेव्हा तिच्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "भाऊ म्हणायचं. भाऊ म्हणलीस तर सांता लाल सायकल आणील. आणि मी सांगितलं म्हणून कुणाला बोललीस, तर तो कधीच येणार न्हाई." रोज अंघोळीला हाच पाठ. चुकली की चिमटा, बरोबर आलं की साबणाचा फुगा. आठवडा सरायच्या आत उर्वी न अडखळता भाऊ म्हणायला लागली. मांडीवरचे निळे वण दीपाली लांब पायजम्यानं झाकायची. रात्री झोपलेल्या पोरीची मांडी कुरवाळताना तिला रडू यायचं आणि स्वतःची घृणा वाटायची. सकाळी पुन्हा दार लावून घ्यायची.

नाताळाला घर भरलं. देवणीहून नणंद विशाखा तिच्या मुलाला घेऊन आली होती, गल्लीतल्या बायका आल्या होत्या. तुराट्यांचं झाड लुकलुकत्या दिव्यांनी नटलं होतं, केकवर बिनअंड्याचा म्हणून मुद्दाम लिहून घेतलं होतं. उमाशंकरनं दाढी सावरत, घसा खाकरत, उर्वीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, मम्मीच्या पोटात कोण हाय, भाऊ का बहीण? उर्वीनं आधी आईकडं पाहिलं. दीपाली झाडाच्या दिव्यांकडं बघत राहिली.

"भाऊ," उर्वी म्हणाली.

रुक्मिणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्या तोंडात साखर पडो म्हणत त्यांनी केकचा सगळ्यात मोठा तुकडा पोरीच्या तोंडात कोंबला, मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. दीपालीनं आधीच आणायला लावलेली लाल सायकल झाडामागून बाहेर आली. उर्वी घरभर घंटी वाजवत फिरली, आणि कोपऱ्यात उभी राहिलेली गीतांजली आईला हळूच म्हणाली, "मी पण तवा भाऊच म्हणायला पायजे व्हतं ना." दीपालीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पुढचे महिने तिनं सुखात काढले, खोटं कशाला बोला. केशर घातलेलं दूध पलंगावर यायचं. डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांची वाडी. सासू स्वतः पाय चेपायच्या. बाळंतपण मुदखेडला नाही, इथंच करायचं ठरलं. कधीकधी दीपालीला स्वतःलाच खरं वाटायला लागायचं, की मुलगाच आहे. आपणच पढवलेल्या पोपटाचं भविष्य तिनं खरं धरलं, यापरता वेडेपणा तो कोणता.

उन्हाळ्याच्या तोंडाला मुलगी झाली.

रुक्मिणबाई दवाखान्यात आल्याच नाहीत. दीपाली बाळ घेऊन घरी आली तेव्हा त्या ओट्यावर बसलेल्या होत्या. त्यांनी बाळाकडं पाहिलं नाही, उर्वीला समोर बोलावलं आणि तिचा दंड धरून विचारलं, तुला भाऊ म्हण म्हणून कुणी शिकवलं व्हतं का. उर्वीनं पुन्हा आईकडं पाहिलं. दीपालीला एक शब्द बोलायचा होता, एकच. तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं.

"कुणीच न्हाई," उर्वी म्हणाली. सांता यायला हवा होता तिला.

"मग लबाड हाय ही," रुक्मिणबाई म्हणाल्या. "देवानं तोंडात घातलेलं पण हिनं खोटं केलं." आणि मग त्या दीपालीकडं वळल्या. दीपाली घाईघाईनं म्हणाली, की लेकरू हाय आत्याबाई, जे तोंडात आलं ते बोललं. एवढ्यावर तिची सुटका झाली. यावेळी शिक्षा तिला नव्हतीच, ती पोरीच्या वाट्याला गेली होती, आणि दीपालीनं ती जाऊ दिली.

त्याच आठवड्यात सायकल विशाखाच्या मुलासाठी देवणीला गेली. खोटं बोलून मिळवलेलं घरात नको, असं रुक्मिणबाईंचं म्हणणं. उमाशंकरनंच ती टेम्पोच्या टपावर बांधली. उर्वी दारात उभी राहून बघत होती, रडली नाही. घरात तिचं नावच लबाड पडलं. लबाडे, जेवून घे. लबाडे, चपला उचल. पोर हळूहळू मुकी होत गेली. शाळेत बाईंनी नाव विचारलं तरी आधी दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडं बघायची. बाईंनी दीपालीला बोलावून सांगितलं, की हुशार आहे, पण उत्तर द्यायला भिते. दीपाली म्हणाली, स्वभावच आहे तिचा तसा.

पुढचा नाताळ आला. तुराट्या निघाल्या, कापूस पिंजला. रुक्मिणबाईंचा राग तान्हीच्या बाळसेदार गालांमुळे थोडा ओसरला होता, घर पुन्हा भरलं. सांता झालेल्या उमाशंकरनं एकेका पोराला जवळ बोलावून काय पाहिजे ते विचारलं. कुणी गाडी मागितली, कुणी चॉकलेट. उर्वीची पाळी आली. पोर यंदा साधं खेळणं मागणार, एवढंच सगळ्यांच्या मनात.

उर्वी सांताकडं वळलीच नाही. भरल्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात तिनं विचारलं, "मम्मी, आता काय म्हणू?"

रुक्मिणबाईंनी केकचा तुकडा ताटलीत परत ठेवला आणि सावकाश सुनेकडं पाहिलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. दीपालीच्या लक्षात आलं, की सासूनं तोंड उघडायच्या आत आपल्याला काहीतरी केलं पाहिजे. तिनं कडेवरचं बाळ गीतांजलीकडं दिलं, दोन पावलं पुढं झाली आणि उर्वीच्या थोबाडीत मारली. "मी कधी शिकवलं गं तुला काही?" ती म्हणाली.

पोरीच्या डोक्यावरची लाल टोपी उडून झाडाखाली पडली. उर्वीनं गालावर हात ठेवला नाही, दोन्ही हातांनी मांडी झाकून घेतली. आपलं पुन्हा चुकलं, एवढंच तिला समजलं, आणि हुंदके देत, आईकडं बघत, ती घाईघाईनं बरोबर उत्तर देऊ लागली.

"भाऊ, मम्मी. भाऊ. भाऊ."