पत्ते कापणारा हात

माझ्या हाताला यश आहे हे माहेरी पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शाळेत होते. धारला लक्ष्मीपूजन झालं की घरचे पुरुष पत्ते घेऊन बसायचे. त्या दिवशी बाबा सारखे हरत होते. वैतागून त्यांनी मला हाक मारली, "तू काप गं." मी पत्ते कापले, पानं वाटली गेली, आणि बाबांना तीन एक्के आले. झालं! तेव्हापासून दिवाळीचा पहिला डाव माझा हात लागल्याशिवाय सुरू झाला नाही.

आमच्या घरात शिकलेल्यांची कमी नाही, पण पत्त्यांपुढे सगळे सारखेच अडाणी. एक काका डाव चालू असेपर्यंत चिवड्याला शिवायचे नाहीत. पाठीमागे कुणी येऊन उभं राहिलं की दुसऱ्या काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझा धाकटा भाऊ खेळायला बसताना डाव्या मनगटावरचं घड्याळ उजव्यावर घालतो, आणि जिंकला तर दिवाळी सरेपर्यंत काढत नाही. आता त्याची मुलं फोनवर पोकर शिकून आली, तीन पत्ती मागे पडली. डाव बदलला, खुळं तीच राहिली.

लग्न होऊन मी देवासला आले, पण दिवाळीचं धार चुकवलं नाही. एकदा इंदूरला बस अडकली, तर ही मंडळी पत्ते पिसून माझी वाट बघत बसलेली. मी चप्पल काढायच्या आत भाऊ ओरडला, "आली ताई! चलो भिया, आता काटू दे तिला, मग बघू कोण टिकतं!" आमचे हे थट्टा करायचे, "सासऱ्यांनी मला बायको म्हणून हुकमाचा एक्काच दिलाय." मी वरवर रागवायची. खरं सांगते, मला ते फार आवडायचं. लेकीला माहेरी मान मिळतो तो जावयामुळे, असं म्हणतात. मला तो माझ्या हातामुळे मिळत होता.

मागच्या वर्षी हे गेले. ती दिवाळी कुणीच केली नाही. यंदा वर्षश्राद्ध झालं आणि वाटलं, आता धारला जाऊन यावं, चार माणसांत बसावं. मी बॅग काढणार, तेवढ्यात भावाचाच फोन आला.

"ताई, यंदाही आम्ही पत्ते नाही खेळणार. तुझ्याशिवाय मन लागत नाही आणि तुला अजून ते सहन होणार नाही. तू दगदग करू नकोस, भाऊबीजेला मीच येतो."

माझे डोळे भरून आले. माझ्या भावानं माझ्यासाठी पत्ते सोडले, हे मी शेजारणीला दोनदा सांगितलं. माझी मुलगी पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात आहे. सुट्टी थोडी आणि धार जवळ, म्हणून लक्ष्मीपूजनाला ती मामाकडे गेली. मी एकटीनं दिवे लावले, पण वाईट वाटून घेतलं नाही.

भाऊबीजेला भाऊ, भावजय आणि माझी मुलगी एकाच गाडीतून आले. मी पाट मांडला. भावाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. इकडच्या रीतीप्रमाणे खोबऱ्याचा गोटा हातावर ठेवायचा म्हणून त्यानं उजवा हात पुढे केला. मनगटावर घड्याळ होतं.

"कापले कुणी?" मी विचारलं.

"काय?"

"पत्ते रे. जिंकलास ना? मग कापले कुणी?"

त्याचा चेहरा उतरला. "ताई, पोरांनी जिद केली. मी नाही मानत असलं काही, पण बाकीचे लोक... तू आता अशी... म्हणून म्हटलं, तुलाच त्रास नको." विधवा हा शब्द त्याच्या तोंडून निघेना.

भावजय सावरून घ्यायला पुढे आली. "वन्सं, मनाला लावून घेऊ नका. हात काही परक्याचा नव्हता."

निरांजनाचं तबक धरून माझी मुलगी शेजारीच उभी होती. तिनं मान खाली घातली. "मामा म्हणाला म्हणून कापले, आई. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

पत्ते गेले चुलीत. पण माझ्याच दुःखाचं निमित्त करून यांनी मला घराबाहेर ठेवलं, आणि मी वेडी त्या मायेचे गोडवे गल्लीभर गात बसले. वरून माझ्याच पोटच्या पोरीचा हात माझ्या जागी लावला. 

"पत्त्यांना माझा हात चालत नाही," मी म्हटलं, "मग तुझं आयुष्य मागायला कसा चालतो?"

तो गडबडीनं घड्याळाचा पट्टा सोडायला लागला.

"राहू दे," मी म्हटलं. "दिवाळी सरायची आहे अजून."

मुलीच्या हातून तबक घेतलं. ओवाळताना मनात म्हणायचं एक वाक्य आईनं लहानपणी शिकवलं होतं: माझं आयुष्य याला लाभो. आजवर एकाही भाऊबीजेला मी ते म्हटल्याशिवाय राहिले नव्हते. यंदा तीनदा ओवाळलं, सगळं रीतीनं केलं, आणि मनात काहीच म्हटलं नाही.

तबकात ओवाळणी टाकून तो माझ्या पाया पडायला वाकला. मी काही बोलेन म्हणून बराच वेळ तसाच वाकून राहिला.