उपसलेली माती

ड्रिलमास्तरांना आमच्या धुळ्याची किळस यायची आणि ते ती लपवत नसत. शाळेच्या भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या, बक्षीस समारंभातली भाषणं, साहेबाला बघून वाकणारे पागोटेवाले, कशानंही त्यांना मळमळे. "माले ओकारी येस," असं ते हेडमास्तरांच्या तोंडावर म्हणत. मूळचे सोनगीरचे. कवायत शुद्ध मराठीत घेत, शिसारी मात्र त्यांना अहिराणीतच यायची.

पोरांची किळस या माणसाला कधी आली नाही. शाळा सुटली की महारवाड्यातली आणि कापसाच्या जिनातल्या मजुरांची पोरं ते पांझरेच्या पात्रात जमवत. एकेकाला पुढ्यात बसवून गळू पिळत, खरजेला कडुनिंबाचा पाला वाटून लावत आणि मग हुतूतू सुरू. आम्ही तालमीतली पोरं काठावर नाक दाबून उभे राहायचो आणि खिदळायचो. आता ते आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं.

हुतूतू वाळूत चाले, कुस्ती कशी चालणार? पोरांचे कोपर सोलवटून निघत. मास्तरांना त्यांच्यासाठी आखाड्याची माती हवी होती. आमची तालीम दुपारभर ओस पडलेली, पण चार वर्षं तालमीच्या पंचांचे उंबरे झिजवून मास्तरांच्या पदरात काही पडलं नाही. मग कलेक्टरसाहेब येणार असं कळलं आणि पंचांना एकाएकी अस्पृश्योद्धाराचा उमाळा आला. दहा दिवस पोरांना तालमीत घेतलं. साहेबांपुढे कुस्त्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत आमचे वडील, नाना, एका पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभे आहेत. ते पंचांपैकी एक. साहेबांची मोटार वळली तसा त्यांनी तो हात धुतला आणि म्हणाले, "आखाडा बाटला. माती उपसा."

माती उपसली आम्हीच. पाट्या भरायच्या आणि मागच्या नाल्यात फेकायच्या. मीही फेकल्या, अगदी हौसेनं. नाल्यात मास्तर बैलगाडी घेऊन उभे होते, पोरं खोऱ्यानं माती गाडीत भरत होती. मी थबकलो तसे मास्तर म्हणाले, "टाका भाऊ, बठ्ठी टाका. हाई मातीमा दहा वरीसनं ताक मुरेल शे, हळद शे, तेल शे. थोडीबी ठेवू नका."

तीन खेपांत आमचा आखाडा नदीकाठी गेला. पंचांनी शेतातली नवी माती आणली, ती खडेवाली. महिन्याभरात आमच्या पैलवानांच्या पाठी फुटल्या. मग या सोवळ्या मंडळींनी काय करावं? मास्तरांना बोलावून निम्मी माती परत मागितली. नाना म्हणाले, "गोमूत्र शिंपडून घेऊ. शुद्ध होते."

मास्तर शांतपणे म्हणाले, "तुमना पोरे नदीवर कुस्तीले धाडा. पाठले जितली माती लागी तितली लई जा."

त्या एका वाक्यापायी त्यांची नोकरी गेली. शाळेच्या कमिटीवरही हेच पंच बसलेले. कारण म्हणून काय लिहिलं, तर अस्वच्छ मुलांच्या संगतीत राहतात.

ते जाणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी नानांना न सांगता नदीवर गेलो. माफी मागायची होती. "कुस्ती खेळू?" एवढंच विचारलं. मास्तरांनी माझ्याच वयाचा एक पोरगा पुढे केला. त्यानं मला दुसऱ्याच डावात चीत केलं आणि हात देऊन उठवलं. माती लोण्यासारखी मऊ होती. मला फार बरं वाटलं.

आणि मग घर आठवलं. मी धावत पाण्यात शिरलो आणि अंग खसाखसा घासू लागलो. तो पोरगा काठावरून माझ्याकडे बघत होता, तरी माझे हात थांबेनात. मास्तर पाण्यात उतरले. मला वाटलं, आता यांना माझी ओकारी येणार. ते म्हणाले, "थांब भाऊ, कानना मांगे ऱ्हायनी शे. घरना लोके देखतीन."

त्यांनी धोतराचा सोगा भिजवला आणि माझ्या कानामागची माती हळूच पुसून काढली. मी मान वाकवून ती पुसू दिली.