रोज नवी नवरी

लॅपटॉप विकत घेतला त्याच दिवशी मला त्याचा संशय आला. पनवेलच्या दुकानदाराने खोक्याचं सील माझ्यासमोर फोडलं खरं, पण त्या सीलखाली आधीच्या एका सीलचा चिकटपणा माझ्या बोटाला लागला. "मॅडम, एकदम नवा पीस हाय," तो म्हणाला. नव्याला नवा म्हणून सांगावं का लागतं? पण घेतला. मला परवडेल असा तोच एक होता, आणि भाजीच्या पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी आरामात मावत होता.

मी न्हावा शेव्याच्या एका लहानशा ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं तयार करते. आठवड्यातले काही दिवस ऑफिस, बाकीचे घरी. घरून काम करायला हा लॅपटॉप. तो सुरू होईपर्यंत चहा उकळून गाळून होतो. चार्जर एका विशिष्ट कोनात धरला तरच बत्ती लागते, म्हणून वायरीखाली नेहमी एक काडेपेटी. "जागा संपली" असा निरोप तो इतक्या वेळा देतो की मला तो चाळीचा जुना मालक वाटतो. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने त्याची एक खाच गंजली, आणि पहिल्याच वर्षी शिफ्टची दोन्ही बटणं मेली.

शिफ्ट मेलं म्हणजे काय झालं ते मराठी टाइप करणाऱ्यालाच कळेल. माझ्या कीबोर्डवर ल वर शिफ्ट दाबलं की ळ उमटतो, न वर दाबलं की ण. आता ळ दाबावा तर ल यायचा, ण दाबावा तर न. आमच्याकडच्या आगरी बोलीतही असंच होतं, म्हणजे माझा लॅपटॉप चक्क आगरी बोलायला लागला. ट चा त व्हायचा, तेवढं मात्र आगरी नव्हे, नुसतं बोबडं.

नवरा ट्रेलर चालवतो. तो खूप हसला. "तू न्हाय शिकलीस ती भाषा, तुझा डबा शिकला," म्हणाला. मी माणगावकडची, भातशेतीवाल्यांची मुलगी. लग्न करून या आगरी घरात आले त्याला बरीच वर्षं झाली, पण सासरची बोली माझ्या जिभेवर कधी बसली नाही. ऐकते, समजते, उत्तर मात्र माझ्याच मराठीत देते. आणि स्वभाव हा असा. नवरा म्हणतो, दूध सांडलं तर माणसाला मांजराचा संशय येतो, हिला दुधाचा येतो.

माझ्या सासूबाई धवलारीण. आमच्याकडे लग्नात मांडवात बसून धवले गाणारी जी जाणती बाई असते, ती धवलारीण. हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं. देवांना आवतण तीच देते, नवरीला पाटावर तीच बसवते. ही गाणी कुठे लिहिलेली नाहीत. सासूबाई त्यांच्या आत्याच्या मागे मांडवामांडवातून फिरल्या आणि शिकल्या. त्यांच्या मागे फिरणारं मात्र कुणी निघालं नाही.

त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी आहे, पण काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आवाजाची नस अगदी लागून आहे, नंतर आवाज कसा राहील ते सांगता येत नाही, असंही म्हणाले. घरी येताना रिक्षात सासूबाईंनी पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतला. ऑपरेशनच्या आधी जेवढे धवले उतरवून घेता येतील तेवढे घ्यायचे, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

"फोनवर रेकॉर्ड करूया का, आय?" मी विचारलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. एवढ्या जोरात की दारातली कोंबडी उडाली.

त्याला कारण होतं. एका लग्नात व्हिडिओवाल्याने त्यांचा आवाज गुपचूप उचलला होता. पुढे शेजारच्या गावातल्या हळदीला तोच आवाज डीजेच्या ठोक्यावर वाजला, आणि तिथे धवलारणीला बोलावलंच नाही. "माझाच आवाज माझे पोटावर आनला," असं त्या अजूनही म्हणतात. तेव्हा आवाज नाही, नुसते शब्द. मी टाइप करायचं. याला मात्र त्या लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच की मला संशय आला.

दुपारची भांडी झाली की आम्ही मागच्या पडवीत बसायचो. त्या भिंतीला टेकून, मी समोर चटईवर, लॅपटॉप मांडीवर. सुरुवातीला माझेच घोटाळे फार. आगरीत ड चा र होतो. "खारीवरून आयली नवरी" असं त्या गायल्या, तर मला चहाबरोबरची खारी आठवली. खाडी हे ध्यानात यायला मला वेळ लागला. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की ही बाई कंटेनरचे कागद करते तर जहाजं जातात तरी कुठे!

खरी भानगड पुढेच होती. एका दुपारी मी आदल्या दिवशीचं वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"असा न्हाय."

"काल तुम्हीच सांगितलंत."

"कालचा काल. आज असा हाय." आणि त्या वेगळंच गायल्या. काल नवरी खाडीवरून आली होती, आज मिठागरावरून आली. काल पहिलं आवतण पाण्याच्या देवाला होतं, आज शिवेवरच्या. काल नवरीला बापाने उठवलं, आज मामाने.

मी आधी लॅपटॉपवर संशय घेतला. हा डबा शब्द आपल्या मनाने बदलतो हे मला माहीत होतं. एकदा त्याने ऑफिसच्या पत्रात "माल"चा "माळ" केला होता, तेही ळ येत नसताना. पण शब्द बदलणं वेगळं आणि बापाचा मामा करणं वेगळं. मग नवऱ्यावर संशय घेतला. त्याने शपथ घेतली की त्या यंत्राला हात लावण्यापेक्षा तो ट्रेलरचा टायर एकट्याने बदलेल. मग मनात आलं ते बोलायलाही जड होतं. सासूबाईंना विसर तर पडत नाही ना? गाठीची गोळी, वय, धास्ती. मी त्यांना आडून आडून विचारायला लागले, आज वार कुठला, परवा कोण आलं होतं. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर म्हणाल्या, "मना येरी समजतेस काय?"

मग उरली नणंद. नणंद उरणला दिली आहे. तिचं मोबाइलवर स्वतःचं चॅनल आहे, हळदीची गाणी, भाकरीचे व्हिडिओ असलं टाकते. धवल्यांवर तिचा डोळा असणार हे कुणालाही कळेल. माझं मन लगेच धावलं. सासूबाईंनी खरे धवले लेकीसाठी राखून ठेवले आहेत आणि सुनेच्या डब्यात काहीतरी भुसा भरताहेत. लेक ती लेक, सून ती सून. मला हे लागलं. दिवसभर कामं करायची, त्यांची औषधं बघायची, डॉक्टरकडे न्यायचं आणि देताना मात्र हातचं राखून! मी एक दिवस लॅपटॉप उघडलाच नाही. त्यांनीही तो मागितला नाही. पडवीत बसून एकट्याच काही पुटपुटत राहिल्या.

ऑपरेशन दोन दिवसांवर आलं. सकाळी नणंदेचा फोन आला. आई आणि लेक बराच वेळ बोलत होत्या, मी आत गेल्याबरोबर आवाज खाली गेला. फोन ठेवला आणि सासूबाईंनी मला विचारलं,

"तुझे आयशीचा नाव काय गो?"

मी भाकरी थापत होते ती तशीच थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. विचारायचा प्रसंगच आला नव्हता. आमचं लग्न नोंदणीचं. माझ्या घरच्यांना हा मुलगा नको होता, त्यामुळे माहेरचं कुणीच आलं नाही. आई तेव्हापासून माझ्याशी बोलली नाही, आणि मी जाऊन समजूत काढीन म्हणेपर्यंत ती गेली. आमच्या घरात तिचं नाव कुणी घेत नाही. ते नाव फक्त एका ठिकाणी होतं. माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड. रोज सकाळी चहा गाळून झाला की मी ते टाइप करायची, तेवढीच आमची गाठभेट.

आणि आता हे नाव यांना हवं होतं. नणंदेच्या फोननंतर लगेच. मी काय समजायचं ते समजले. यांना पासवर्ड हवा होता, माझ्या डब्यातला भुसाही लेकीलाच द्यायला!

"कशाला हवंय?"

"लागतं," त्या म्हणाल्या.

"नंतर सांगते."

दुपारी त्यांनी परत विचारलं, मी परत टाळलं. मग खोलीचं दार लावून घेतलं आणि पासवर्ड बदलला. आईचं नाव काढलं आणि एका कंटेनरचा नंबर घातला. चोराच्या हाती चावी देण्यापेक्षा कुलूप बदललेलं बरं, असं मी स्वतःला सांगितलं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्यांनीच हाक मारली. "तो डबा आन." मी जाऊन बसले. त्यांनी केस धुतले होते, ठेवणीतलं हिरवं पातळ नेसल्या होत्या. पडवीत एक पाट मांडला होता, त्याच्यासमोर तांदळाची मूठ. दवाखान्यात जायच्या आधी देवाचं काही असेल, असं मला वाटलं.

"आय, आज शेवटचं," मी म्हटलं. "आज तरी खरा धवला सांगा. रोज वेगळं सांगताय. मी काय लिहून ठेवू? मला द्यायचे नसतील तर तसं सांगा, मी रागावणार नाही." मी रागावलेच होते.

त्या हसल्या.

"अगो येरे, धवला म्हंजे काय शालंतली कविता हाय? नवरीशिवाय धवला उभाच ऱ्हात न्हाय. कोनाला तरी पाटावर बसवाला लागतं. मोकले पाटाला काय गानार?" आणि त्या सांगत गेल्या. खाडीवरून आलेली ती होडीवाल्यांची थोरली. मिठागरावरून आली ती मिठागरवाल्यांची धाकटी, तिला बाप नव्हता म्हणून मामाने उठवलं. ज्या ज्या पोरींची लग्नं त्यांनी लावली, त्यांतली एकेक त्या रोज दुपारी माझ्यासमोरच्या रिकाम्या जागेवर बसवत होत्या आणि तिच्या लग्नात गायलेलं गात होत्या. मला लॅपटॉपवर दिसत होतं ते सगळं खरंच होतं. एकच खरा धवला असतो आणि बाकीचे चुकीचे, हे माझ्या कागदपत्रांच्या डोक्याने ठरवलं होतं.

"मग आज कोण नवरी?" मी विचारलं.

"त्याच्यासाठीच त कालपासून इचारते. नवरीचे आयशीचा नाव घेतल्याबिगर तिला पाटावर कशी बसवू? पोरीला पन इचारला, वैनीचे आयशीचा नाव तुला ठाव हाय का. तिलाबी न्हाय ठाव."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा लॅपटॉप मांडीवर उघडा होता आणि अक्षरं दिसेनाशी झाली. सगळ्या गावाच्या मांडवात गाणाऱ्या या बाईने स्वतःच्या लेकाच्या लग्नात एक ओळ गायली नव्हती. तिला मांडवच मिळाला नव्हता. हे तिच्या मनात इतकी वर्षं होतं आणि मी तिच्या मनात काय काय घालत बसले होते.

"गाठ काढल्यावर आवाज ऱ्हातो न्हाय ऱ्हात," त्या म्हणाल्या. "माझे घरची नवरी तेवरी ऱ्हायलीय."

मी नाव सांगितलं. मोठ्याने. आई गेल्यापासून मी ते नाव तोंडाने उच्चारलं नव्हतं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून जिभेवर बसवलं आणि पाटाकडे बोट केलं.

मी पाटावर बसले. लॅपटॉप पुन्हा मांडीवर ओढला आणि बोटं अक्षरांवर ठेवली.

"तो बंद कर," त्या म्हणाल्या.

"पण आय, हा राहील ना मग! आज नाही लिहिला तर..."

"नवरी काय आपले लग्नान काम करते? हात खाली ठेव."

मी लॅपटॉप मिटला. त्यांनी माझ्या कपाळावर तांदूळ ठेवले आणि गायला लागल्या. डोंगराआडून आलेली नवरी, भाताच्या लोंब्यांतून वाट काढत आलेली. माझी आई त्या गाण्यात होती, लेकीचा हात सोडत नव्हती, मग सोडत होती. मी इतकं रडले की पुढचे शब्द मला धड ऐकूही आले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. आवाज आला, पण खालचाच. वरचा गेला तो गेला. आता त्या मांडवात बसतात आणि कुणी विचारलं तर बसक्या आवाजात सांगतात, गात नाहीत. लॅपटॉपमधले धवले मी छापून काढले. नणंदेलाही एक प्रत दिली. तिने पानं उलटली, पुन्हा उलटली.

"तुमचे लग्नाचा कुठंय? आय बोलली तुझा गायलाय म्हनून."

"तो नाही लिहिला."

"न्हाय लिवला का लपवलास?"

ती माझ्याकडे बारीक डोळे करून बघत होती. खरं सांगितलं तरी तिचा विश्वास बसत नाही, आणि मला त्यातला एक शब्दही आठवत नाही.